खबर देणाऱ्याच्या रकान्यात

समितीचं पत्र आलं तेव्हा मी एका विहिरीवरच्या पंपाची मोटर खोलून बसलो होतो. भोरला एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पत्र कसलं, मोबाईलवरचा मेसेजच. मुलीने तो माझ्या तोंडापुढे धरला आणि म्हणाली, "पप्पा, त्रुटी काढली."

तिला सरकारी मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती. आमच्या अख्ख्या भावकीत डॉक्टरच्या कॉलेजात पाऊल टाकणारी ती पहिलीच. जागा आरक्षणातली, म्हणून जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत द्यायचं होतं. नाही दिलं तर जागा गेली, आणि खाली यादीत वाट बघणारे उभेच होते. त्रुटी अशी होती : माझ्या आणि माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' आहे, धर्मांतराच्या आधीची जात दाखवणारा, पन्नास सालाच्या आधीचा पुरावा जोडावा. हातात नऊ दिवस होते.

मी पान्हा खाली ठेवला. पहिल्यांदा राग आला तो आजोबांचा.

आता हे सांगायला हवं. माझे आजोबा धम्मदीक्षा घेऊन गावी परत आले, तेव्हा त्यांनी घरातले देव कानंदीच्या पात्रात सोडले आणि गावकीच्या कामाची घुंगराची काठी व वतनाचे सगळे कागद चुलीत घातले. पणजी आडवी आली, तर तिला म्हणाले, "ह्यात आपली जात लिवलीय. ती जळू दे." ही गोष्ट मी दरवर्षी जयंतीला छाती पुढे काढून सांगत आलोय. पोरांनी टाळ्या वाजवल्यात. आणि त्या दिवशी दुकानात बसून मी त्याच आजोबांना मनातल्या मनात काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक चिटोरं ठेवायचं होतंत. एक!

"त्यांनी जाळलं नसतं तर मी इथपर्यंत आले असते का?" मुलगी म्हणाली. हिचं हे असं. मी तापलो की ही थंड.

आजोबा शाळेत गेलेच नव्हते, त्यामुळे त्यांचा दाखला नाही. वडील जाऊन बारा वर्षं झाली. जुनं विचारावं असं एकच माणूस उरलं होतं : आजोबांची धाकटी बहीण. वडील तिला आत्ती म्हणत, म्हणून आम्हीही आत्तीच म्हणतो. नव्वदीला टेकलीय. नवरा गेल्यावर ती माहेरच्या गावीच येऊन राहिली, विंझरच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मुलीला गाडीवर मागे बसवलं आणि कापूरहोळ, नसरापूर करत निघालो. भाताची खाचरं गच्च भरलेली, रस्त्यावर चिखल, आणि मी सगळ्या वाटेत टेम्पोवाल्यांना शिव्या घालत.

आत्ती दारातच बसली होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं, आमी कुटंच न्हाई बग."

"कुठंच नाही म्हणजे?"

"वहीत न्हाई. गावातलं मूल जल्मलं, मानूस मेलं, की बा पाटलाला खबर द्यायचा. पाटील वहीत घालायचा. समद्या गावाची खबर बानं दिली. आमी पाच भावंडं, पर आमची न्हाई दिली."

आत्तीचा बा म्हणजे माझे पणजोबा. मी त्यांना पाहिलेलं नाही. ते गावचे तराळ होते. म्हणजे गाव सांगेल ते काम. दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला तर त्याचं ओझं पुढच्या गावापर्यंत वाहायचं, आणि कोणी मेलं की त्याच्या परगावच्या सोयऱ्यांना निरोप पोचवायचा. पावसापाण्यात, पुरात, पायी. आत्ती सांगत होती की ते एखाद्या गावाच्या शिवेवर दिसले की तिथल्या बाया आधी आपल्या माहेरचं कोण आजारी आहे ते आठवायला लागायच्या. निरोप सांगून झाला की ते अंगणाबाहेरच बसायचे. भाकरी मिळाली तर वरून टाकलेली. रडणाऱ्या घरात कोण आठवणीने भाकरी देणार? बहुतेक वेळा ते तसेच उठून परत निघायचे. "घरी आला की पाय धुवायचा आन गप पडायचा," आत्ती म्हणाली. "आमी इचारायचो, बा, कोन मेलं? तर म्हनायचा, घरात न्हाई त्ये नाव काडायचं."

"पण आपल्या मुलांची नोंद का नाही केली?" मुलीने विचारलं.

"म्हनायचा, आपल्या घरची खबर आपुन द्याची नसती. लई इचारलं तर आंगावर यायचा."

मला हसावं की रडावं कळेना. गावभरच्या पोरांना वहीत बसवणारा माणूस, आणि स्वतःची पाचही पोरं बाहेर! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. एकाने लिहिलंच नाही, दुसऱ्याने होतं ते जाळलं, आणि दोघांच्या मध्ये माझी पोरगी लटकलेली. मी तोंडाने तसं बोललोही. आत्तीने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "डाक्टर झाल्याव माजं गुडगं बगशील न्हवं?"

तरीही जुन्या वह्या बघायच्या ठरल्या. आडात नाही हे ऐकलं होतं, तरी पोहरा सोडून बघायचा. वह्या त्या तालुक्याच्या तहसिलीच्या दप्तरखान्यात होत्या, लाल रुमालात बांधलेल्या. अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी बघायला मिळतील असं ठरलं. आणि तिथेच कारकून बाईंनी सहज विचारलं, "मोडी वाचता येतं का तुम्हाला?"

मला कुठून येणार! जुन्या नोंदी सगळ्या मोडीत. मला मोटरीची जळलेली वाइंडिंग वाचता येते, पण मोडी म्हणजे मुंग्यांची रांग. भोरला परत येऊन दोन दिवस मोडी वाचणारा शोधण्यात गेले. शेवटी एका गिऱ्हाइकाने एका निवृत्त गुरुजींचं नाव सांगितलं. ऐंशीच्या पुढचे, त्यांचे आजोबा संस्थानच्या कचेरीत लिहिण्याच्या कामाला होते, घरात मोडी चालत आलेलं. मी दारात उभा राहून काम सांगितलं. गाव कोणतं, आडनाव काय, हे ऐकून ते क्षणभर थांबले. तो क्षण मला ओळखीचा आहे; आमच्या लोकांना तो लहानपणापासून ओळखीचा असतो. मी मनात शिंगं उगारून उभा. पण ते आत गेले, भिंग घेऊन आले आणि म्हणाले, "उद्या किती वाजता निघायचं?"

माझी शिंगं तशीच राहिली.

वह्या उघडल्या तेव्हा हातात चार दिवस होते. लाकडी टेबल, बाहेर धो धो पाऊस. गुरुजी मधे, मुलगी त्यांच्या उजवीकडे वही-पेन घेऊन, मी डावीकडे उभाच. बसवेना. रकाने गुरुजींनी आधी समजावून सांगितले : मेलेल्याचं नाव, बापाचं नाव, जात, वय, कारण, आणि शेवटी खबर देणार.

पहिल्याच पानावर त्यांनी पणजोबांचं नाव वाचलं. दुसऱ्या ओळीत पुन्हा. तिसऱ्या ओळीतही तेच. प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच नाव आणि पुढे काळा अंगठा. पान उलटलं, तरी तेच. मी मुलीच्या पाठीवर थाप मारली. "मिळाले! हे बघ, सगळीकडे तेच!"

"थांबा," गुरुजी म्हणाले. "हा खबर देणाऱ्याचा रकाना. यात नुसतं नाव आहे. जात लिहिलीय ती मेलेल्याची."

मला समजायला थोडा वेळ लागला. गुरुजींनी भिंग एका ओळीवर ठेवून पुन्हा सांगितलं. कुणब्याचं माणूस मेलं तर कुणबी, धनगराचं मेलं तर धनगर. खबर घेऊन आलेला माणूस कोण, हे लिहायची कोणाला गरज नव्हती. सगळ्या गावाला ते माहीत होतं. पानोपानी माझा पणजोबा उभा, आणि त्याच्यापुढे तो एक शब्द नाही. पायाखालची वाळू सरकणं म्हणतात ते काय, ते मला त्या ओल्या फरशीवर कळलं.

"त्यांच्या घरातलं कोणी गेल्याची नोंद हवी," गुरुजी म्हणाले. "किंवा जन्माची. आपण सगळं बघू."

सगळं म्हणजे किती, ते त्या दिवशी कळलं. गुरुजी एकसुरी आवाजात वाचत होते. तापाने. पटकीने. सर्प चावून. बाळंतपणात. विहिरीत पडून. हे सगळं पणजोबांनी पाटलाच्या ओट्याखाली उभं राहून सांगितलेलं. काही पानांवर एकाच महिन्याच्या नोंदी वरपासून खालपर्यंत, एकाच घरातली दोन-तीन नावं. जेवायची वेळ टळून गेली. मुलीने आणलेला डबा पिशवीतच राहिला. मी मधेच बाहेर जाऊन वऱ्हांड्यात येरझारा घालायचो, पुन्हा आत यायचो. कॉलेजची तारीख, समितीची तारीख, माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरं सांगतो, मला त्या मेलेल्या माणसांचा रागच येत होता. इतके मेले, आणि आमच्यातलं एकही नाही!

दुपारनंतर कधीतरी गुरुजी वाचता वाचता थांबले.

"काय झालं?"

"या ओळीत खबर देणाऱ्याचं नाव घातलेलं नाही. नुसतं लिहिलंय, 'बाप'. आणि पुढे अंगठा."

मुलीने पेन खाली ठेवलं.

गुरुजींनी भिंग मागे नेलं. "बापाचं नाव..." आणि त्यांनी पणजोबांचं नाव वाचलं, त्यांच्या बापाच्या नावासकट. "वय वर्षे तीन. कारण देवी. जात..." ते थांबले. माझ्या मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. भिंग पुसलं. "तेच आहे," ते हळूच म्हणाले. "तुम्हाला हवं तेच."

ते सभ्य माणूस होते. पोरीसमोर तो शब्द तोंडाने उच्चारायला नको म्हणून थांबले होते. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाच दिवस मी त्या एका शब्दापाठी धावत होतो. ज्या शब्दाने माझ्या पणजोबाला अंगणाबाहेर बसवलं, जो माझ्या आजोबाने चुलीत घातला, तो आज मला कागदावर, सही-शिक्क्यासकट हवा होता.

"मोठ्यानं वाचा, गुरुजी," मी म्हणालो. "त्याच शब्दासाठी आलोय आम्ही."

"महार," गुरुजींनी मोठ्याने वाचलं.

मी टेबलावर हात आपटला. "सापडलं! सापडलं!" कारकून बाई दचकून उठल्या. मी त्यांनाही सांगितलं, सापडलं म्हणून. गुरुजींच्या पायांना हात लावायला वाकलो, त्यांनी मधेच धरलं. इतका आनंद मला मुलीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता.

मुलगी मात्र वहीकडेच बघत होती. "पप्पा," ती म्हणाली, "तीन वर्षांचं लेकरू होतं."

मला लाज वाटली. आजही वाटते. एका बापाने आपलं पोर गेल्याची खबर दिली होती, आणि शंभराच्या आसपास वर्षांनी त्याच्याच घरातला माणूस त्या ओळीपुढे उभा राहून आनंदाने ओरडत होता.

"मुलगा की मुलगी?" मी विचारलं.

"मुलगी. नावाच्या रकान्यात एवढंच आहे. मुलगी."

गुरुजींनी मग आपणहून जन्माची वही उघडली आणि तीन वर्षं मागे गेले. तिथेही ती होती. बापाचं नाव, जात, मुलगी, खबर देणार बाप. म्हणजे पहिल्या लेकराची खबर त्यांनी दिली होती, नियमाप्रमाणे, इतर कोणाची देत तशीच. आणि ती गेल्यानंतर पुढे कितीतरी वर्षं गावाच्या खबरा देत राहिले, पण आपल्या घरात पुन्हा जन्मलेल्या एकाही पोराचं नाव त्यांनी त्या वहीत जाऊ दिलं नाही. मी भिंग मागून घेतलं आणि तिच्या ओळीपुढचा अंगठा बघितला. वरच्या आणि खालच्या ओळींतल्या अंगठ्यांपेक्षा तो काही वेगळा नव्हता.

पुढचं आधीच सांगून टाकतो. नोंदीची नक्कल मिळाली, गुरुजींनी लिप्यंतर करून दिलं, त्यासाठी काही घ्यायला तयार झाले नाहीत. मी त्यांच्या पाण्याच्या पंपाची मोटर भरून दिली, तेव्हा मात्र 'नाही' म्हणाले नाहीत. कागद मुदतीच्या आदल्या दिवशी दाखल झाले. वैधता आली. मुलगी आज कॉलेजात आहे आणि फोनवर मला हाडांची नावं ऐकवते.

पण कागद दाखल करण्याच्या आदल्या दिवशी एक काम राहिलं होतं. नक्कल नुसती देऊन भागत नाही. त्यातली व्यक्ती आपली कोण लागते, हे वंशावळीत दाखवावं लागतं, आणि जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र लागतं. वंशावळ मी घरीच काढली होती : वर पणजोबा, खाली आजोबा आणि त्यांचे भाऊ, मग वडील, मग मी, मग मुलगी. सगळे बाप्येच, शेवटची तेवढी ती. आता तिच्यात ती तीन वर्षांची घालायची होती, आणि प्रतिज्ञापत्रावर आत्तीचा अंगठा. पुन्हा गाडी काढली.

आत्ती सुपात तांदूळ निवडत होती. कसं सांगावं ते मला सुचेना, म्हणून मी कामाचंच बोलायला लागलो, कागद, शिक्का, साक्षीदार. मुलीने मला थांबवलं आणि तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आत्ती, तुमच्या आधी एक मुलगी होती. सगळ्यांत पहिली. तीन वर्षांची होऊन गेली. देवीत."

आत्तीचे हात सुपात थांबले. "कुनी सांगितलं?"

"वहीत आहे. तुमच्या वडिलांनीच खबर दिली होती."

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "म्या पान्याला गेले, शेनाला गेले, आन घरात पाऊल टाकलं, की बा कायम इचारायचा, 'आलीस का परत?' समद्या भावात मलाच. म्या म्हनायची, गेले कुटं व्हते रं बा, पान्यालाच तर गेले व्हते. तर हासायचा न्हाई. नुसता बगायचा." तिने सूप बाजूला सरकवलं. "लगीन झाल्याव पयल्यांदा म्हायेराला आले, तवाबी तसंच इचारलं. म्या चिडले त्याच्याव."

मी माझा राग काढायला एखादी जागा शोधत होतो. सापडली नाही. आजोबांवर काढून झाला होता, पणजोबांवर काढून झाला होता. मी मान खाली घालून पिशवीतून वंशावळीचा कागद काढला.

"हिचं नाव काय होतं, आठवतंय का कोणाकडून ऐकलेलं?" मी विचारलं. "कागदावर नुसतं मुलगी आहे."

"न्हाई. तिचं नाव कवाच कुनी काडलं न्हाई." मग तिने कागद हातात घेतला. तिला वाचता येत नाही, तरी वरपासून खालपर्यंत बघितला. "ह्यात म्या कंची?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. आत्ती त्यात नव्हतीच. तिला घालायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कागदावर अंगठा मात्र तिचा हवा होता.

मुलीने माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि पणजोबांच्या नावाखाली आत्तीचं नाव लिहिलं. आत्तीने तिचा हात धरला. "तिला माज्या वर घाल. थोरली हाय ती."

मुलीने सगळ्या भावंडांच्या आधी, सगळ्यांत डाव्या अंगाला, एक रेघ ओढली आणि तिच्या टोकाला लिहिलं : मुलगी.

"काय लिवलंस?"

"मुलगी."

आत्तीने त्या शब्दावर बोट ठेवलं.

"तीन वर्साची म्हंजी बोलत आसंल की गं," ती म्हणाली. "कुनी इचारलं तर आपलं नाव सांगत आसंल."